सात, पाच, पाच

फलाटाचा उतार संपतो तिथे बाबा थांबले. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, परत उजवीकडे, आणि मगच पाऊल पुढे टाकलं. उजवीकडून दोन मुली सायकलवर येत होत्या, डावीकडे एक आजोबा कुत्र्याला घेऊन निघाले होते. बाबांची नजर त्यांच्यावर नव्हती. ती पार पुढे, वळणापर्यंत गेली होती, जिथून गाडीचं तोंड पहिल्यांदा दिसतं तिथे. त्याआधी आम्ही सगळे फलाटाच्या काठावरून सरळ खाली उतरलो होतो. माझा मुलगा तर उडी मारून. बाबा मात्र अख्खा फलाट चालत गेले आणि टोकाच्या उतारावरून खाली आले. मी म्हटलं, "बाबा, १९६७ पासून इथे गाडी थांबत नाही. रूळसुद्धा राहिले नाहीत." ते म्हणाले, "माहीत आहे."

बस, एवढंच. पण ते "माहीत आहे" माझ्या मनातून जाईना. वय झालंय, विसरले असतील, असं म्हणायला जागा नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांचे नंबर त्यांना अजून पाठ आहेत. आवाजात चिडही नव्हती. लहानपणी मी काही सांगायला जायचे आणि ती गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा खोलवर ठाऊक असायची, तेव्हा ते ज्या सुरात "माहीत आहे" म्हणायचे, तोच हा सूर होता.

जागा होती मिलर्स डेल. डर्बीशायरमधल्या वाय नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत कोरून काढलेल्या सपाटीवर हे स्टेशन आहे. आम्ही स्टॉकपोर्टला राहतो, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. गेली अकरा वर्षं मी इथे येतेय. मुलगा बाबागाडीत होता तेव्हापासून. रूळ उखडून त्या जागी केलेली पायवाट साडेआठ मैलांची आहे, बेकवेलपासून बक्स्टनच्या अलीकडच्या टॉपले पाइकपर्यंत. वाटेत सहा बोगदे लागतात. मे महिन्यात खाली नदीकाठी रानलसूण फुलतो आणि त्याचा वास वर फलाटापर्यंत येतो, फोडणीत लसूण पडण्याच्या अगदी आधीचा, हिरवा, कच्चा. बोगद्यात शिरलं की अंगावर एकदम गार हवा येते. भर उन्हाळ्यातही छतातून थेंब टपकत असतात. भिंतीवरून बोट फिरवलं तर काळं लागतं. शेवटचं वाफेचं इंजिन इथून गेल्याला अर्धशतकाहून जास्त काळ झाला, तरी त्याची काजळी अजून बोटाला लागते. मला हे सगळं आवडतं. या परक्या देशात मी सगळ्यात निवांत कुठे असते असं कुणी विचारलं, तर मी ही जागा सांगेन.

म्हणूनच बाबांना इथे आणलं होतं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरी राहिली. माझा हेतू साधा होता. आयुष्यभर रेल्वेत काढलेल्या माणसाला एक सुंदर जुनं स्टेशन दाखवावं.

बाबा मध्य रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. नोकरीचा बराचसा काळ घाटात गेला. मंकी हिल, जामरुंग, ठाकूरवाडी. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ही नावं खिडकीतून शेकडो वेळा वाचलेली असतात, पण तिथे कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. आम्ही कर्जतला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पावसाळ्यात रात्रपाळी करून ते यायचे तेव्हा रेनकोटातून ओल्या कोळशाचा नाही, तर ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास यायचा. दाराला घंटी होती, पण ते ती कधी वाजवायचे नाहीत. बोटाच्या पेराने दारावर चार ठोके द्यायचे. ब्लॉकच्या घंटीची, म्हणजे शेजारच्या दोन स्टेशनांनी एकमेकांना गाडीची खबर द्यायच्या घंटीची, भाषा आमच्या घरात सगळ्यांना येत होती. लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायला दोन ठोके, गाडी दोन स्टेशनांमधल्या सेक्शनमध्ये शिरली की तीन, सुखरूप बाहेर पडली की चार. चार ठोके ऐकले की आई गॅस पेटवायची. मी अर्धवट झोपेत मोजायचे आणि चौथ्या ठोक्यावर पुन्हा झोपून जायचे.

मिलर्स डेलला कॉफी घेऊन आम्ही बाकावर बसलो. स्टेशनाच्या इमारतीत आता उपाहारगृह आहे, आणि खिडक्यांना कुंड्या लावलेल्या आहेत. बाबांनी कप हातात धरला तो धरलाच. थोड्या वेळाने म्हणाले, "इथे बँकर लागत असणार." बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन. मी विचारलं, कशावरून? त्यांनी वाटेकडे हात केला. मला अकरा वर्षांत जो चढ कधी जाणवला नव्हता, बाबागाडी ढकलतानाही नाही, तो त्यांना बसल्या जागेवरून दिसला होता. आणि ते बरोबर होते. खाली रौसलीच्या शेडमधून जादा इंजिनं निघायची आणि मालगाड्यांना मागून रेटत पीक फॉरेस्टच्या माथ्यापर्यंत न्यायची. चढ साधारण शंभरात एक. आपल्या घाटातल्या सदतिसात एकच्या मानाने हे काहीच नाही, पण भरलेल्या वाघिणींना तेवढाही भारी पडतो. कर्जतला बँकर लागेपर्यंत लोक खाली उतरून वडा खाऊन घेतात. इथेही अशाच कुठल्या थांब्यावर ड्रायव्हर-फायरमनने चहाचा घोट घेतला असेल, असं बाबा म्हणाले आणि तेव्हा कुठे त्यांनी कॉफीचा पहिला घोट घेतला.

त्यानंतर त्यांनी ते स्टेशन मला वाचून दाखवलं. अकरा वर्षं मी ज्याला अवशेष समजत होते, ते त्यांच्या लेखी नुसतं बंद पडलेलं कामाचं ठिकाण होतं. खाली गाव म्हणावं तर चार घरं, एक चर्च. आणि वर पाच फलाट. "गावासाठी नाही हे," ते म्हणाले, "जंक्शन आहे." खरंच होतं. मँचेस्टर ते लंडनच्या मुख्य मार्गावर बक्स्टन येत नव्हतं, म्हणून बक्स्टनच्या गरम झऱ्यांवर प्रकृती सुधारायला निघालेल्या लोकांनी इथे उतरून छोट्या गाडीत बसायचं. एवढ्याशा वस्तीच्या या स्टेशनात फलाटावरच टपाल कार्यालय होतं, असं इंग्लंडात फारच थोड्या ठिकाणी असायचं. वर्दळ इतकी वाढली की १८६३ चा पूल पुरेना, तेव्हा १९०५ मध्ये शेजारी दुसरा बांधला. आज नदीवर दोन पूल खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पायवाट त्यातल्या एकावरून जाते. बाबा दुसऱ्याकडे बघत होते. त्यावर आता गवत आहे. "एवढा खर्च," ते म्हणाले, "एवढा खर्च करून बासष्ट वर्षं."

हा मार्ग मिडलंड रेल्वेने बांधला. तिचे इंजिनिअर विल्यम बार्लो. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, याच मार्गाच्या लंडनकडच्या टोकाला सेंट पँक्रसचं ते एका कमानीत सगळं सामावणारं छप्पर त्यांनीच उभं केलं. मी लंडनला पहिल्यांदा उतरले तेव्हा सेंट पँक्रसच्या दर्शनी इमारतीसमोर गळ्यात आवंढा दाटून उभी राहिले होते, कारण समोर व्हीटी उभी होती. टोकदार कमानी, लालसर विटा, मनोरे. व्हीटीचे स्टीव्हन्स आराखडे करण्याआधी युरोपातली स्थानकं बघून आले होते. त्यांनी इथून काय नेलं हे मी सांगू शकत नाही, पण दोघी एका घरातल्या आहेत हे डोळ्यांना कळतं. कर्जतहून जाणारी गाडी व्हीटीला पोचते, आणि मिलर्स डेलहून जाणारी सेंट पँक्रसला पोचायची. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगायची की नाही, असा मला प्रश्न पडला होता. वाटेने पूर्वेला चालत गेलं की खाली नदीकाठी दोन जुन्या सूतगिरण्या दिसतात, लिटन आणि क्रेसब्रुक. आता तिथे घरं आहेत, पडदे आहेत, नीट ठेवलेल्या बागा आहेत. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी, पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या या गिरण्यांत अनाथ मुलं कामाला आणलेली असत. रॉबर्ट ब्लिंको हा त्यांतला एक. त्याने सोसलेली मारझोड आणि उपासमार पुढे छापली गेली म्हणून त्याचं नाव तरी उरलं. हा मुलगा आला होता लंडनच्या सेंट पँक्रसमधल्या वर्कहाऊसमधून, म्हणजे गरीबखान्यातून. आधी नॉटिंगहॅमशायरच्या एका गिरणीत, आणि तिथून लिटनला. त्याच्या डोक्यावरच्या कड्यावरून साठेक वर्षांनी आगगाडी धावू लागली, आणि पुढे ती थेट सेंट पँक्रसला जाऊ लागली. ज्या दिशेला त्याने मनातल्या मनात कितीदा पाहिलं असेल, त्याच दिशेला. हे डोक्यात आलं की मला त्या कड्यावर थांबवत नाही.

आणि १८६३ म्हणजे आपलंही साल. त्याच वर्षी बोरघाट खुला झाला आणि पुण्याहून मुंबईला सलग लोहमार्ग मिळाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि हिंदुस्थानात रेल्वे झालीच पाहिजे म्हणून मँचेस्टरचे कापूसवाले कित्येक वर्षं मागे लागलेले होते. एकाच वर्षी मँचेस्टरच्या बाजूला हा डोंगर फुटत होता आणि आपल्याकडे सह्याद्री. तिकडे घाटात पटकीने आणि अपघाताने हजारो माणसं गेली. त्यांतल्या एकाचंही नाव ब्लिंकोसारखं उरलं नाही. बाबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "घाटात रात्री ड्यूटी करताना," ते म्हणाले, "माहीत असायचं आम्हाला." पुन्हा तेच दोन शब्द, या वेळी जरा रूप बदलून.

बंद कसं झालं, ते त्यांनीच विचारलं. मी सांगितलं. १९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि त्यात २,३६३ स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करावेत असं होतं. मिलर्स डेलला त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होत होती. गाड्या तोट्यात होत्या हे खोटं नाही. मोटारी वाढल्या होत्या. १९६६ मध्ये लंडनच्या यूस्टनहून मँचेस्टरपर्यंत वीज आली, आणि इथून धावणारी निळी पुलमन ही आलिशान गाडी त्याच वर्षी बंद झाली. एका शहराला जायला दोन वाटा कशाला, असा हिशेब झाला. ६ मार्च १९६७ ला मिलर्स डेल बंद झालं, पुढच्या वर्षी जुलैत हा मार्गच तोडला. हिशेबात चूक काढता येत नाही. पण स्टेशन जिवंत असण्याला हिशेबाच्या कागदावर रकानाच नव्हता, असं मला वाटतं. बक्स्टनची गाडी चुकून फलाटावर बसलेल्या बाईचा तास कुठल्या रकान्यात घालणार?

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे तोंड फिरवायची. तेही गेलं, माझ्या जन्माच्या आधी. पण ते का गेलं? नवीन बोगदे काढले, गाडीला तोंड फिरवायची गरज उरली नाही म्हणून. गाडी नीट जावी म्हणून स्टेशन गेलं. ते ठीक आहे." पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

मला ते ऐकू आलं.

आणि तिथून माझी बेचैनी सुरू झाली, कारण माझं सुख नेमकं त्या न उच्चारलेल्या वाक्यावर उभं आहे. गाडी जाते-येते आहे असं मिलर्स डेल मला मिळालंच नसतं. मी त्या डब्यातून जाताना फोनमध्ये डोकं घालून बसले असते, दरी चार मिनिटांत मागे पडली असती. माझ्या मुलाने पहिलं पाऊल याच वाटेवर टाकलंय, तिथे रुळांखालचे स्लीपर असायला हवे होते. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी ही रेल्वे झाल्यावर आकांत केला होता की बक्स्टनचा प्रत्येक मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला पोचावा आणि बेकवेलचा बक्स्टनला, एवढ्यासाठी देवांची दरी फोडली. याच वाटेवरचा मॉनसलचा जो पूल त्यांच्या डोळ्यांत सलत होता, त्याला गाड्या बंद झाल्यावर दोनच वर्षांनी संरक्षण मिळालं, आणि आज लोक त्या पुलाचेच फोटो काढायला येतात. मीही काढते. दरी फुटली तेव्हा एकाचं काळीज तुटलं, रूळ उखडले तेव्हा दुसऱ्याचं, आणि या दोन्ही जखमांवरून मी रविवारी चालत जाते, पिशवीत सँडविच घेऊन. रेल्वे पुन्हा आणावी अशी मागणी अधूनमधून होते. माझ्या ओळखीचे चालणारे लोक त्याच्या विरोधात आहेत. मी कुठल्या बाजूला आहे, हे मला त्या दिवसापर्यंत पक्कं ठाऊक होतं.

दुपारी आम्ही पश्चिमेला निघालो. चुन्याच्या जुन्या भट्ट्या लागल्या, किल्ल्याच्या बुरुजासारख्या भक्कम, १९४४ साली विझलेल्या. वरच्या कपारींत डोमकावळ्यांची पिल्लं ओरडत होती. ॲशची झाडं या दरीत रोगाने वाळत चालली आहेत, त्यांच्या उघड्या फांद्यांतून नदी एरवीपेक्षा जास्त दिसत होती. बाबा वाटेच्या कडेकडेने, गँगमन चालतो तसे चालत होते. बोगद्यात शिरल्यावर ते भिंतीतल्या कोनाड्यांकडे बघत राहिले. गाडी आली तर माणसाने आत सरकून उभं राहायचे कोनाडे. एका कोनाड्यात शिरून त्यांनी पाठ टेकवली. माझा मुलगा पण शेजारच्या कोनाड्यात जाऊन तसाच उभा राहिला. मी फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला.

वाट संपते तिथे, ब्लॅकवेल मिलला, रेल्वे कामगारांच्या घरांची एक ओळ आहे. त्यांच्या बायकामुलांना बाजारहाटाला जाता यावं म्हणून तिथे एक चिमुकला थांबा होता, लोकांच्या वेळापत्रकात न छापलेला. हे ऐकून बाबा त्या घरांसमोर उभे राहिले. आमच्या क्वार्टरची ओळ मलाही आठवली, सारख्या दारांची, सारख्या रंगाची, दुपारी सारख्याच वासाची. इतक्यात झाडीच्या मागून आवाज आला. आधी जमिनीतून, मग कानात. जवळच एक फाटा अजून चालू आहे, खाणीतली चुनखडी नेणाऱ्या मालगाड्यांसाठी. गाडी दिसली नाही, नुसती ऐकू आली, जड, सावकाश, संपता न संपणारी. बाबा ओठ न हलवता वाघिणी मोजत होते. चाकांच्या खटक्यांवरून. "बावीस," ते शेवटी म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला, तो त्या फुललेल्या फलाटावर, कुंड्यांमध्ये, कॉफीच्या बाकावर दिवसभरात एकदाही आला नव्हता.

जूनमध्ये ते कर्जतला परत गेले. नोव्हेंबरात एका रविवारी फोनवर पावसापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "तुझ्या त्या मिलर्स डेलला घंटी किती ठोक्यांची होती गं?" मला कळलं की तिकडे तेही सहा महिने ती वाट चालतच होते. मी म्हटलं, शोधून सांगते. इंग्लंडच्या ब्लॉकची ठोक्यांची यादी मिळवायला वेळ लागला नाही. गाडी सेक्शनबाहेर पडली की इथे चार ठोके नाहीत. दोन, थोडं थांबून एक. हे त्यांना पुढच्या रविवारी सांगितलं तेव्हा त्यांनी "दोन-एक, दोन-एक" असं दोनदा म्हणून पाहिलं, नव्या सुनेचं नाव म्हणून पाहावं तसं. मग मी यादीतला आणखी एक संकेत सांगितला. सिग्नलची केबिन बंद करतोय, असं शेजारच्या केबिनला कळवायचा. सात ठोके, मग पाच, मग पुन्हा पाच.

फोनवर काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग टेबलावर बोटाच्या पेराचा आवाज सुरू झाला. मी तो आवाज कुठेही ओळखेन. सात. मागून आई विचारत होती, अहो, काय ठोकताय. पाच. मग पाच.

"वाजवली असणार कुणीतरी," बाबा म्हणाले. "ड्यूटीवर जो होता त्याने. पण नुसती देऊन भागत नाही. पलीकडच्याने तीच परत द्यायची असते, मोजून."

मी चहाचा कप बाजूला सरकवला, फोन टेबलाजवळ धरला, आणि पेराने पहिला ठोका दिला.